प्रोसेसर बदलल्यावर बायोस, विंडोज आणि लिनक्समध्ये नेमकं काय चालू करायचं

बेळगावातल्या पत्रिका-फ्लेक्सच्या दुकानांत, निपाणी-चिकोडीकडच्या सोसायट्यांत आणि खानापूरच्या झेरॉक्स सेंटरांत इंटेलच्या एच-६१ चिपसेटच्या मदरबोर्डाचे संगणक आजही रोजचं काम ओढतात. हे बोर्ड २०११-१२ च्या सुमाराचे. त्यांवर बऱ्याचदा इंटेलचा आय३-२१२० हा प्रोसेसर असतो. तो काढून त्याच एलजीए-११५५ सॉकेटमध्ये आय५-३४७० बसवणं हा अशा मशीनसाठी सगळ्यात स्वस्तातला बदल. बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर असे वापरलेले प्रोसेसर मिळतात.

चिप बसते, मशीन सुरू होतं आणि तक्रारी तिथूनच सुरू होतात. काल चालणारं व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा दुसरा, आभासी संगणक) आज उघडत नाही, वेग वाढल्यासारखा वाटत नाही, एखादा प्रोग्रॅम सुरू होताच बंद पडतो. मग कुणीतरी सांगतं की फॉरमॅट मारावं लागेल. दहापैकी नऊ वेळा त्याची गरज नसते. फॉरमॅट मारल्यावर दुकानदाराचे फॉन्ट, जुन्या डिझाइनच्या फाइली आणि सॉफ्टवेअरची लायसन्स जातात, आणि बंद असलेलं फीचर मात्र बंदच राहतं, कारण ते विंडोजमध्ये बंद नसतंच.

फीचर चार ठिकाणी अडू शकतं

प्रोसेसरचं कुठलंही फीचर प्रोग्रॅमच्या उपयोगी पडण्याआधी चार पायऱ्या पार करतं. पहिली, ते चिपमध्ये असायला हवं. दुसरी, बायोसने, म्हणजे मशीन सुरू होताच बोर्डावरून सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमने, ते बंद ठेवलेलं नसावं. तिसरी, ऑपरेटिंग सिस्टिमला ते कळायला हवं आणि तिने ते चालू करायला हवं. चौथी, प्रोग्रॅमने ते वापरायला हवं. खालची पायरी अडली की वर कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. म्हणून तपासणी नेहमी खालून वर करायची.

मात्र प्रत्येक फीचर चारही पायऱ्यांवर अडत नाही. कोणतं कुठे अडतं हे एकदा समजलं की निम्मा शोध वाचतो. तीन उदाहरणं घेऊ.

पहिलं एईएस-एनआय. डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करण्याचं आणि उघडण्याचं गणित प्रोसेसरच्या आत, थेट हार्डवेअरमध्ये करणाऱ्या या सूचना (इन्स्ट्रक्शन). इंटेलने त्या २०१० मध्ये आणल्या. आय३-२१२० मध्ये त्या नाहीत, आय५-३४७० मध्ये आहेत. ही सूचना जुन्याच १२८ बिटांच्या रजिस्टरांवर, म्हणजे प्रोसेसरच्या आत आकडे ठेवायच्या छोट्या जागांवर, काम करते, म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमला नवीन काही शिकावं लागत नाही. चिप बसली, बायोसने अडवलं नाही, की बिटलॉकर किंवा व्हेराक्रिप्टसारखं डिस्क कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर ते ओळखून वापरायला लागतं. व्हेराक्रिप्टच्या बेंचमार्कमध्ये आधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवून पाहा, फरक लगेच दिसतो.

दुसरं एव्हीएक्स, म्हणजे अनेक आकड्यांचं गणित एकाच वेळी करणाऱ्या सूचना, आणि हे जरा खोलात जाऊन समजून घेण्यासारखं आहे. एका कोअरवर विंडोज अनेक प्रोग्रॅम आलटून-पालटून चालवतं. एकाला थांबवून दुसऱ्याला जागा देताना पहिल्याच्या रजिस्टरांतले आकडे मेमरीत जपून ठेवावे लागतात आणि त्याची पाळी आली की परत भरावे लागतात. एव्हीएक्सने रजिस्टरांची रुंदी १२८ वरून २५६ बिट केली. ज्या ऑपरेटिंग सिस्टिमला ही वाढीव रुंदी माहीत नाही, ती अर्धेच आकडे जपेल. उरलेल्या अर्ध्यांत दुसऱ्या प्रोग्रॅमचे आकडे मिसळतील आणि गणित चुकेल, तेही कुठलाच इशारा न देता. म्हणून प्रोसेसरमध्येच अशी सोय आहे की ऑपरेटिंग सिस्टिमने सीआर-४ या नियंत्रण रजिस्टरमधला एक बिट लावून आणि एक्ससीआर-० मध्ये नोंद करून ‘मी हे सांभाळेन’ असं सांगेपर्यंत एव्हीएक्सची सूचना चालतच नाही. विंडोज ७ मध्ये ही तयारी सर्व्हिस पॅक १ पासून आली, लिनक्समध्ये २.६.३० या कर्नलपासून. सर्व्हिस पॅक न टाकलेल्या विंडोज ७ वर कितीही भारी प्रोसेसर बसवा, एव्हीएक्स मिळणार नाही.

तिसरं व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवण्यासाठी चिपमध्येच असलेली सोय. इंटेलकडे याला व्हीटी-एक्स म्हणतात, एएमडीकडे एसव्हीएम. हे दुसऱ्या पायरीवर अडतं. इंटेलच्या चिपमध्ये यासाठी एक खास रजिस्टर आहे. मशीन सुरू होताना बायोस त्यात ‘चालू’ किंवा ‘बंद’ लिहितो आणि त्याच रजिस्टरच्या पहिल्या बिटाने त्याला कुलूप लावतो. मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत ते कुलूप निघत नाही. म्हणजे बायोसने ‘बंद’ लिहून कुलूप घातलं असेल तर विंडोज काय, लिनक्स काय, कुणीही ते आतून उघडू शकत नाही. व्हर्च्युअलायझेशनसाठी फॉरमॅट मारणं निरर्थक का, याचं उत्तर या एका बिटात आहे.

जुना प्रोसेसर काढण्याआधी

सगळ्यात महत्त्वाचं काम जुनी चिप जागेवर असतानाच होतं: बायोस अपडेट. एच-६१ चे बरेच बोर्ड इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या चिपांसाठी बनले, आय३-२१२० त्यातलाच. आय५-३४७० सारखी तिसऱ्या पिढीची चिप ओळखायला त्यांना नवा बायोस लागतो, आणि त्याबरोबर बोर्डावरच्या मॅनेजमेंट इंजिनचं (चिपसेटमधल्या छोट्या नियंत्रकाचं) फर्मवेअरही आठव्या आवृत्तीचं असावं लागतं. आधी नवी चिप बसवली तर पंखा फिरतो, पडदा काळा राहतो, आणि चिप खराब निघाली असं समजून लोक ती परत करतात. बोर्डाचं नाव आणि त्यावर छापलेला रिव्हिजन क्रमांक दोन्ही पाहूनच कंपनीच्या संकेतस्थळावरून फाइल घ्यायची. रिव्हिजन १ ची फाइल रिव्हिजन २ वर टाकू नये. पेनड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा. सोबतच्या सूचनेत आधी मधली एखादी आवृत्ती टाकायला सांगितलं असेल तर ती गाळू नका.

अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. खानापूर, कणकुंबीकडच्या पावसाळ्यात तर हे काम चालू यूपीएसशिवाय करूच नये, आणि यूपीएसची बॅटरी किमान दहा मिनिटं टिकते का हे आधी मशीन त्यावर चालवून बघावं.

दुसरं काम रिकव्हरी की. विंडोज १० किंवा ११ मध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल, आणि नव्या लॅपटॉप-डेस्कटॉपवर ते मालकाला न कळताच चालू असतं, तर प्रोसेसर बदलल्यावर विंडोज ४८ अंकी की मागू शकतं. ती नसेल तर डिस्कवरचा डेटा गेला. पतसंस्थेच्या संगणकावर सभासदांचे हिशेब असतात. तिथे की कागदावर लिहून तिजोरीत ठेवल्याशिवाय स्क्रू फिरवू नये. की मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते, किंवा प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून मॅनेज-बीडीईने पाहता येते. त्यानंतर कंट्रोल पॅनेलमधून बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा. पूर्ण काढायची गरज नाही.

तिसरं काम सोपं, पण हमखास विसरलं जाणारं. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, किंवा शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा. नेहमीच्या शटडाउनमध्ये कर्नलची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. त्या स्थितीत जुन्या चिपची माहिती असते. व्हर्च्युअल मशीनचंही तसंच. ‘सेव्ह्ड स्टेट’मध्ये थांबवलेलं मशीन नव्या प्रोसेसरवर उघडेलच असं नाही, म्हणून आतली विंडोज रीतसर शटडाउन करून ठेवा.

बसवताना

इथे थोडक्यात. इंटेलच्या या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, एएमडीच्या एएम-४ मध्ये चिपला. एएम-४ वर पेस्ट वाळलेली असेल तर कूलर सरळ ओढू नका. चिप लॉकसकट उपसून येते आणि पिना वाकतात. आधी मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, मग कूलर डावी-उजवीकडे हलके फिरवत सोडवा. नवी पेस्ट मधोमध वाटाण्याएवढी पुरते. वडगाव-खासबागेत यंत्रमागांजवळच्या संगणकांत कूलरच्या पात्यांमध्ये सुताच्या तुसांचा थर बसलेला असतो. तो ब्रशने काढल्याशिवाय नवी चिप बसवू नका. आय३-२१२० ची उष्णता ६५ वॉटच्या हिशेबाची, आय५-३४७० ची ७७ वॉटच्या. तुंबलेला कूलर तो फरक पेलत नाही, मग चिप स्वतःहून वेग कमी करते आणि दोष विंडोजवर येतो.

बोर्डावरची सीआर-२०३२ बॅटरी याच वेळी बदला. जुनी बॅटरी उतरलेली असली की बायोसची सगळी सेटिंग दर वेळी मूळपदावर जातात. तारीखही मागे जाते, आणि मग बँकेची-सरकारची संकेतस्थळं प्रमाणपत्र चुकीचं म्हणून उघडत नाहीत.

बायोसमध्ये काय पाहायचं

प्रोसेसर बदलला किंवा बायोस अपडेट केला की बहुतेक बोर्ड सेटिंग मूळपदावर आणतात, आणि अनेक बोर्डांत व्हर्च्युअलायझेशन मुळात बंदच असतं. ‘काल चालत होतं’ याचा खुलासा हाच. जुन्या आय३ मध्येही व्हीटी-एक्स होतं, ते कुणीतरी कधीतरी चालू केलं होतं, आणि आज ती नोंद पुसली गेली.

सुरू होताना डिलीट की दाबा. डेलमध्ये एफ-२, एचपीमध्ये एफ-१०. असूसच्या बोर्डावर ॲडव्हान्स्डखाली सीपीयू कॉन्फिगरेशन उघडा. गिगाबाइटवर एएमडी असेल तर एसव्हीएम मोड हा पर्याय सीपीयूच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये, ओव्हरक्लॉकिंगच्या पानात दडलेला असतो. एमएसआयवर ओसीच्या पानात. इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी किंवा एसव्हीएम मोड ‘एनेबल्ड’ करा. शेजारचं व्हीटी-डी हे वेगळं फीचर आहे: एखादं कार्ड थेट व्हर्च्युअल मशीनला द्यायचं असेल तरच ते लागतं. दोन्हींत गल्लत होते आणि लोक नको ते चालू करून बाहेर पडतात.

एक्झिक्यूट डिसेबल बिट चालू असायलाच हवा. तो बंद असेल तर विंडोज ८ आणि त्यापुढच्या आवृत्त्या सुरूच होत नाहीत, शून्य-एक्स-५डी हा एरर देतात. ॲक्टिव्ह प्रोसेसर कोअर्स ‘ऑल’वर असावेत.

आणि जुन्या बोर्डांवर लिमिट सीपीयूआयडी मॅक्झिमम नावाचा एक पर्याय असतो. तो ‘डिसेबल्ड’च हवा. ऑपरेटिंग सिस्टिम प्रोसेसरला सीपीयूआयडी या सूचनेने क्रमाक्रमाने प्रश्न विचारते आणि तुझ्याकडे काय काय आहे ते जाणून घेते. हा पर्याय खूप जुन्या विंडोजसाठी ती उत्तरं सुरुवातीच्या काही प्रश्नांवरच थांबवतो. तो चालू राहिला तर नवी चिप बसूनही ऑपरेटिंग सिस्टिमला तिची पूर्ण ओळख होत नाही. हे सेटिंग फारसं कुणी तपासत नाही. म्हणूनच सगळं नीट असूनही काहीतरी गायब दिसलं तर आधी इथे या.

एफ-१० ने सेव्ह करा. व्हर्च्युअलायझेशन बदलल्यावर नुसता रिस्टार्ट न करता मशीन पूर्ण बंद करून, स्विच काढून, काही सेकंदांनी सुरू करणं चांगलं. काही बोर्ड तेव्हाच नवं सेटिंग लागू करतात.

विंडोजमध्ये

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयू पाहा. आय३ ते आय५ या बदलात हमखास गोंधळ होतो तो इथे. आय३-२१२० ला दोन कोअर आणि चार थ्रेड, आय५-३४७० ला चार कोअर आणि चार थ्रेड. आलेखाचे चौकोन आधीही चार आणि नंतरही चारच. ते पाहून बदल झालाच नाही असं समजू नका. खाली ‘कोअर्स’ची ओळ वाचा, तिथे २ च्या जागी ४ दिसायला हवेत. त्याच भागात व्हर्च्युअलायझेशन ‘एनेबल्ड’ आहे का तेही दिसतं.

कोअर कमी दिसत असतील तर विंडोज आणि आर दाबून एमएसकॉन्फिग उघडा. बूटच्या पानावर ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ‘नंबर ऑफ प्रोसेसर्स’ला टिक असेल तर काढा. मशीन ‘फास्ट’ करण्याच्या व्हिडिओंमुळे ही टिक सर्रास लावली जाते. ती वेग वाढवत नाही, उलट तिथे जुना आकडा राहिला की नवे कोअर झाकले जातात. शेजारची ‘मॅक्झिमम मेमरी’चीही टिक काढा.

वेग वाढत नसेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये जा. ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ ९९ टक्के असेल तर टर्बो, म्हणजे गरजेला चिपचा वेग आपोआप वाढण्याची सोय, बंद राहतो. आय३-२१२० ला टर्बो नव्हताच, त्यामुळे तेव्हा काही जाणवलं नसेल. आय५-३४७० मात्र ३.२ गिगाहर्ट्झवरच थांबेल आणि ३.६ पर्यंत जाणार नाही. आकडा १०० करा.

एव्हीएक्स दिसत नसेल तर प्रोसेसरची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड या प्रोग्रॅममधली ‘इन्स्ट्रक्शन्स’ची ओळ वाचा. तिथेही नसेल आणि चिपमध्ये ते आहे याची खात्री असेल, तर बीसीडीएडिट या विंडोजच्या बूट-नोंदी दाखवणाऱ्या कमांडमध्ये ‘एक्ससेव्ह-डिसेबल’ अशी नोंद आहे का पाहा. एखाद्या जुन्या प्रोग्रॅमसाठी कुणीतरी ती १ करून ठेवलेली असते. ती ० करून मशीन रिस्टार्ट केलं की एव्हीएक्स परत येतं.

दुकानातलं जुनं टाइपसेटिंग आणि व्हर्च्युअल मशीन

बेळगावात एकाच टेबलावर मराठी पत्रिका आणि कन्नड फलक दोन्ही बनतात. जुनी टाइपसेटिंगची सॉफ्टवेअरं, त्यांचे खास फॉन्ट आणि डोंगल (लायसन्ससाठी पोर्टात लावायची कळ) जुन्या विंडोजवरच चालतात, आणि वीस वर्षांच्या फाइली त्यांतच अडकलेल्या असतात. यावर चांगला उपाय म्हणजे मुख्य विंडोज नवी ठेवायची आणि जुनी विंडोज व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आत चालवायची. नव्या प्रोसेसरचा या भागातल्या दुकानांना सगळ्यात मोठा उपयोग तोच आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

व्हर्च्युअलबॉक्स ६.१ पासून, म्हणजे २०१९ च्या अखेरीपासून, हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशनशिवाय चालत नाही. आतली विंडोज ३२ बिटांची असली तरीही. ‘व्हीटी-एक्स बायोसमध्ये बंद आहे’ अशा अर्थाचा एरर आला तर बायोसमध्ये परत जा.

एरर नाही, पण आतली विंडोज रांगतेय आणि खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतंय, तर अडचण वेगळी. विंडोजने स्वतःच व्हीटी-एक्स ताब्यात घेतलंय आणि व्हर्च्युअलबॉक्सला तिच्या हायपरव्हायझरमधून (विंडोजच्या स्वतःच्या व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या थरातून) वाट काढावी लागतेय. ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म यांच्या टिका काढा. विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनखाली ‘मेमरी इंटेग्रिटी’ बंद करा. तरीही कासव राहिलं तर बीसीडीएडिटने ‘हायपरव्हायझर-लाँच-टाइप’ ऑफ करून रिस्टार्ट करा.

मेमरी इंटेग्रिटी ही सुरक्षेची सोय आहे, ती कारणाशिवाय बंद करू नये. पण तिला झेपेल असा प्रोसेसर हवा: इंटेलची सातवी पिढी किंवा एएमडीचा झेन-२ आणि त्यापुढच्या चिपांत तिच्यासाठी खास हार्डवेअर आहे, त्याआधीच्या चिपांवर तेच काम सॉफ्टवेअरने होतं आणि मशीन मंदावतं. शिवाय ती जुन्या डोंगलचे ड्रायव्हर अडवते. तिसऱ्या पिढीच्या आय५ वर, जुन्या डोंगलसह रोज काम करणाऱ्या दुकानात ती बंद ठेवणं व्यवहार्य आहे, मात्र मग त्याच मशीनवर अनोळखी पेनड्राइव्ह लावणं थांबवायला हवं. गिऱ्हाइकाच्या फाइली दुसऱ्या संगणकावर तपासून घ्या.

आतल्या विंडोज एक्सपीला एकच प्रोसेसर द्या. एक्सपी एका प्रोसेसरवर इन्स्टॉल झाली की तिचा हार्डवेअरशी बोलणारा थर एकाच प्रोसेसरचा बसतो. नंतर सेटिंगमध्ये दोन केले तरी दुसरा वापरला जात नाही. डोंगल आत दिसण्यासाठी व्हर्च्युअलबॉक्सच्या यूएसबी सेटिंगमध्ये त्याचा फिल्टर जोडावा लागतो.

एएमडीची बाजू आणि विंडोज ११

बी-४५० बोर्डावर रायझन ३ २२००जी काढून रायझन ५ ५६०० बसवणं हा दुसरा लोकप्रिय बदल, विशेषतः व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) विद्यार्थ्यांत. पहिली अडचण पडदा काळा राहण्याची. २२००जी मध्ये ग्राफिक्स आतच आहे, ५६०० मध्ये नाही. ग्राफिक्स कार्ड नसेल तर ५६००जी घ्या. बायोस आधी अपडेट करणं इथेही बंधनकारक.

सुरू करताच बोर्ड इंग्रजीत विचारतो की नवा सीपीयू बसलाय, फर्मवेअर टीपीएम (कुलपांच्या चाव्या जपून ठेवणारी सोय) रीसेट करू का: वाय की एन? वाय दाबलं की आतल्या चाव्या पुसल्या जातात. बिटलॉकर आधी सस्पेंड केलेलं असेल आणि की हाताशी असेल तर निर्धास्त वाय दाबा. नसेल तर एन दाबा, जुनी चिप परत बसवा आणि आधी ते काम करा. विंडोजचा पिन यानंतर चालत नाही, म्हणून खात्याचा पासवर्ड आठवत असायला हवा.

२२००जी विंडोज ११ च्या यादीत नाही, ५६०० आहे. टीपीएम चालू करा, सिक्युअर बूटही. पण विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर असेल आणि तुम्ही सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारा बायोसचा पर्याय) बंद केलं, तर मशीनला विंडोज सापडणारच नाही. आधी विंडोजमधूनच एमबीआर-टू-जीपीटी हे साधन चालवा: प्रथम ‘व्हॅलिडेट’, ते पास झालं की ‘कन्व्हर्ट’. बॅकअप त्याआधी. आय५-३४७० वाल्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये. तो प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत येत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. इंटरनेटवर सतत राहणाऱ्या अशा मशीनवर लिनक्स हा सरळ पर्याय आहे.

अँड्रॉइड स्टुडिओचा एम्युलेटर चालत नसेल तर जुन्या ब्लॉगमधून त्याला वेग देणारं हॅक्झम शोधत बसू नका, इंटेलने ते बंद केलंय. एसव्हीएम चालू करून विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्मला टिक करा. हे विंडोजच्या होम आवृत्तीतही मिळतं. अर्थात ही टिक आणि वरची व्हर्च्युअलबॉक्सची सोय एकमेकींच्या आड येतात. एका मशीनवर दोन्ही हव्या असतील तर कासव सोसावं लागेल.

लिनक्समध्ये

टर्मिनलमध्ये एलएससीपीयू चालवा. ‘फ्लॅग्ज’च्या लांब ओळीत एईएस, एव्हीएक्स, व्हीएमएक्स किंवा एसव्हीएम शोधा. उबुंटूवर सीपीयू-चेकर हे पॅकेज टाकून केव्हीएम-ओके चालवलं की व्हर्च्युअलायझेशन वापरता येईल की नाही ते एका ओळीत कळतं. बायोसमध्ये बंद असेल तर कर्नलच्या संदेशांत, म्हणजे डीमेसेजमध्ये, तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. लिनक्स सुरू करणाऱ्या ग्रबच्या ओळीत जुन्या चिपसाठी टाकलेलं ‘मॅक्ससीपीयूज’ किंवा ‘नोएसएमटी’ राहिलं असेल तर काढून ग्रब अपडेट करा.

मायक्रोकोडचं, म्हणजे चिपच्या आतल्या दुरुस्त करता येणाऱ्या कोडचं, पॅकेज चिपच्या कंपनीचं हवं. बोर्डासकट इंटेलवरून एएमडीवर गेलात तर एएमडीचं टाका आणि अपडेट-इनिटरॅमएफएस एकदा चालवा. मायक्रोकोड फीचर काढूनही घेऊ शकतो, हे लक्षात असू द्या. हॅसवेल पिढीतलं टीएसएक्स हे फीचर चुका सापडल्यावर २०१४ मध्ये इंटेलने असंच बंद केलं. चिपच्या माहितीपत्रकात आहे पण फ्लॅगमध्ये नाही, असं दिसलं तर हेही एक कारण असू शकतं.

शेवटची पायरी: प्रोग्रॅम

बहुतेक प्रोग्रॅम सुरू होताना प्रोसेसरला विचारतात आणि जे असेल ते वापरतात. पुन्हा इन्स्टॉल करावं लागत नाही. याला दोन अपवाद आहेत. ज्या चिपवर सोर्समधून, ‘मार्च-नेटिव्ह’ देऊन, प्रोग्रॅम कंपाइल केला, त्याच चिपपुरता तो तयार होतो. नव्या चिपवर तो चालेल पण नवी फीचर वापरणार नाही, आणि कमी फीचरच्या चिपवर नेला तर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून पडेल. पुन्हा कंपाइल करा.

दुसरा अपवाद, एखादं फीचर सक्तीचं मागणारे प्रोग्रॅम. टेन्सरफ्लोच्या तयार आवृत्त्या १.६ पासून एव्हीएक्स मागतात, मोंगोडीबी ५.० पासून. पेंटियम जी२०२० वर ते चालणार नाहीत, आय५-३४७० वर चालतील. पण तेच लिनक्सच्या व्हर्च्युअल मशीनच्या आत टाकले तर पुन्हा पडू शकतात, कारण आतल्या मशीनला खऱ्या चिपऐवजी क्यूईएमयूची (लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) एक साधी, सर्वसामान्य चिप दाखवली जाऊ शकते आणि तिला एव्हीएक्स नसतं. व्हर्ट-मॅनेजरमध्ये त्या मशीनच्या सीपीयूच्या पानावर ‘होस्ट-पासथ्रू’ निवडा, प्रॉक्समॉक्समध्ये सीपीयूचा प्रकार ‘होस्ट’ करा. आतलं मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा आणि आतूनच एलएससीपीयू चालवून एव्हीएक्स दिसतंय का ते पाहा.